‘म्हणून’ या शब्दाचं जीवशास्त्र

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मजकूर)



यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘शाळेतलं जीवशास्त्र’ हा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला हळूच विचारलं, आरती किती वाजता आहे? आरती साडेआठला आहे. तोवर आम्ही आटोपतो.

आम्ही काही शिक्षक नाही. डिप्लोमा केला आणि सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चिकटलो. तिथे रक्त-थुंकी-लघवी तपासण्यात वीस वर्षं गेली. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या मागच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान समजावायला आम्ही तिघं-चौघं बसतो, तेवढाच आमचा अधिकार. पण त्या खोलीत मुलांकडून जे ऐकायला मिळतं, ते तुम्हा सर्वांच्या घरातलं आहे. म्हणून ते इथे सांगावंसं वाटलं.

आपली इंदूरची मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात. पाठ केलेलं उत्तर त्या भाषेत धडाधड येतं. मग आम्ही म्हणतो, “छान. आता हेच तुझ्या आजीला समजावून सांग.” की मुलगा थांबतो, डोकं खाजवतो आणि मराठीत बोलायला लागतो. त्या मराठीत त्याला खरोखर काय वाटतं ते बाहेर येतं. परीक्षेचं उत्तर आणि आजीला दिलेलं उत्तर यांची पुष्कळदा ओळखसुद्धा नसते.

झाडाचंच घ्या. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण दहावीतल्या बहुतेक मुलांना येतं. पण या व्यासपीठाची फळी दाखवून विचारलं, “एवढं लाकूड झाडाने आणलं कुठून?” तर दहातली आठ-नऊ मुलं सांगतात, “मातीतून.” याला मूर्खपणा म्हणू नका. मुलं बघतात, मुळं मातीत आहेत, खत घातलं की झाड फोफावतं, आणि घरी आई म्हणते, “तुळशीला बरेच दिवसांत काही दिलं नाही, बिचारी उपाशी आहे.” यावरून माती हे झाडाचं जेवण असंच कोणीही ठरवेल.

हजारो वर्षं मोठमोठी माणसंही तसंच ठरवत होती. आजच्या बेल्जियममध्ये राहणाऱ्या व्हान हेल्माँट नावाच्या गृहस्थांनी एका मोठ्या कुंडीत वाळवलेली २०० पौंड माती घेतली, तिच्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती, म्हणजे साठ ग्रॅमच्या आत. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द जगाला दिला याच हेल्माँटांनी. जळत्या कोळशातून निघणारा वायू त्यांनी ओळखला होता, पण तोच वायू आपल्या झाडात शिरतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेत हा वायू किती? शंभरात अर्धा भागसुद्धा नाही, सुमारे ०.०४ टक्के. ऐकून मुलांचा विश्वास बसत नाही. तेव्हा आम्ही होमाची आठवण काढतो. एवढ्या समिधा जाळल्या, राख किती उरली? ओंजळभर. झाडाने मातीतून घेतलेलं ते एवढंच, बाकीचं हवेतून आणि पाण्यातून आलं होतं, तिकडेच परत गेलं. होम प्रत्येकाने पाहिलेला असतो, त्यामुळे इथे मुलं गप्प होतात. असं गप्प होणं आम्हाला बरोबर उत्तरापेक्षाही आवडतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे श्वसन. मुलांना वाटतं श्वसन म्हणजे नाकाने हवा आत-बाहेर करणं, आणि ते फुप्फुसात संपतं. खरं काम पुढे शरीरातल्या पेशीपेशीत चालतं. साखर आणि ऑक्सिजन यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. इथे पालकांसाठी एक प्रश्न. वजन उतरवलेल्या माणसाची चरबी जाते कुठे? घामातून, शौचातून, की तिची ‘ऊर्जा होते’? दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१४ मध्ये हिशोब मांडून दाखवला, की दहा किलो चरबी गेली तर त्यातली साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेली पाणी होऊन. सकाळी नेहरू पार्कात फिरायला जाणाऱ्या काकांनी लक्षात ठेवावं, पोट नाकावाटे उतरतं.

झाडंही रात्रंदिवस श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं म्हणून ते झाकलं जातं, इतकंच. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो असं घरोघरी सांगतात, पण प्रकाशाशिवाय कोणतंच झाड ऑक्सिजन सोडत नाही. उलट, रात्री खोलीत कुंडी ठेवू नये हेही तितकंसं खरं नाही. त्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला भाऊ कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

रक्ताबद्दल फार बोलत नाही, आमचा रोजचा धंदा आहे, लांबेल. पुस्तकातल्या आकृतीत शिरा निळ्या रंगवतात, म्हणून मुलं समजतात की अशुद्ध रक्त निळं असतं. आम्ही रोज शिरेतूनच रक्त काढतो. ते गडद लाल असतं. आनुवंशिकतेत मात्र एका शब्दाने घोळ होतो, ‘प्रभावी’. मुलांना वाटतं प्रभावी गुण म्हणजे ताकदवान, म्हणजे जास्त लोकांत आढळणारा. तसं नाही. ‘ओ’ रक्तगटाचा गुण अप्रभावी, तरी आपल्या देशात ‘ओ’ गटाची माणसं भरपूर. आई ‘ए’, वडील ‘बी’ आणि मूल ‘ओ’ असा अहवाल हातात घेऊन चेहरा पडलेली माणसं आमच्या खिडकीशी येतात. दोघांनीही ‘ओ’चा एकेक अंश लपवून ठेवलेला असू शकतो, त्यात कुणावर संशय घ्यायचं काही कारण नाही. हे दहावीच्या पुस्तकाच्या बळावर समजतं, पण त्या घरातल्या दहावीच्या मुलाला कुणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. “झाडं ऑक्सिजन का सोडतात?” असं विचारलं की उत्तर येतं, “आपल्यासाठी.” खरं तर प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन उरतो. झाडाच्या लेखी तो उसाचं चिपाड. आपल्या भाषेत ‘का’ या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले आहेत, कशासाठी आणि कशामुळे. आम्ही विचारतो कशामुळे, आणि मुलं उत्तर देतात कशासाठीचं.

जिराफाच्या मानेवर ही गोष्ट स्पष्ट दिसते. मुलं म्हणतात, “उंचावरचा पाला मिळावा म्हणून जिराफाची मान लांब झाली.” आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहितो आणि खाली दुसरं लिहितो, “मान लांब होती म्हणून उंचावरचा पाला मिळाला.” हिंदीत पहिल्या वाक्याला ‘ताकि’ लागेल, दुसऱ्याला ‘इसलिए’. मराठीत दोन्हीकडे ‘म्हणून’च. फरक फक्त क्रियापदात, ‘मिळावा’ आणि ‘मिळाला’. पण त्या एका ‘व’मध्ये सगळा डार्विन आहे. पहिल्या वाक्यात जिराफाला गरज वाटते आणि शरीर बदलतं. दुसऱ्यात जिराफांमध्ये मुळातच थोड्या आखूड, थोड्या लांब माना असतात. ज्यांना जास्त खायला मिळतं ते जगतात, त्यांची पिल्लं जास्त होतात, आणि असं हजारो पिढ्या चालतं. गरज कुणालाच बदलत नाही. (जिराफाची मान खरोखर पाल्यामुळेच लांब झाली का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आम्हाला त्यातल्या तर्काशी मतलब.)

तुम्ही म्हणाल, जिराफाचं काही का होईना. तर गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो, घरच्यांना विचारून सांगतो. नववीतल्या एका मुलाने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर इंग्रजीत झकास उत्तर दिलं. नेहमीप्रमाणे आम्ही म्हणालो, आजीला सांग. तो म्हणाला, “जंतूंना गोळीची सवय होते.” आणि लगेच पुढे, “म्हणून तर मामांनी मधे गोळ्या थांबवल्यात. सवय लागू नये म्हणून.”

मामांना क्षयरोग होता. औषध सुरू होऊन अडीच महिने झाले होते. खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं. क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढे तीन. तो मधेच थांबला होता, आणि मुलाला त्यात शहाणपणा वाटत होता. चहाची सवय लागू नये म्हणून आपण मधे चार दिवस चहा सोडतोच ना? ‘सवय’ हा शब्द एकदा मान्य केला की पुढचा तर्क बिनचूक आहे. चूक त्या शब्दात होती, आणि तो शब्द त्याला आपण मोठ्यांनीच दिला होता.

आमच्यातल्या एका ताईंनी स्वयंपाकघरातून चाळणी आणली. एका ताटात रवा घेतला, त्यात चमचाभर साबुदाणा मिसळला. चाळून दाखवलं. चाळणीत साबुदाणा उरला. “चाळणीने रव्याचा साबुदाणा केला का?” “नाही, तो आधीच होता.” “मग औषधाने जंतूला सवय लावली का?” मुलगा बराच वेळ चाळणीकडे बघत राहिला. मग आम्ही सांगितलं, की शरीरात जंतू कोट्यवधी असतात, त्यांत काही थोडे जन्मतःच जरा चिवट. औषध सुरू झालं की आधी कमजोर मरतात. माणसाला बरं वाटतं. तेव्हाच औषध थांबवलं, तर उरलेल्या चिवटांना मोकळं रान. ते वाढतात, आणि त्यांची पिल्लावळ त्यांच्यासारखीच. एका औषधातून सुटलेला दुसऱ्याने मरावा, यासाठी तर चार औषधं एकदम देतात. क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला वीसेक तास घेतो, काही जंतू सुस्त पडून राहतात, म्हणून इतके महिने लागतात.

जंतूच्या बाबतीतही वाक्यं तीच दोन आहेत. “मरू नये म्हणून जंतू बदलला,” आणि “जंतू वेगळा होता म्हणून मेला नाही.” १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी प्रयोगाने दाखवलं की दुसरं खरं आहे, वेगळेपण आधी येतं, संकट नंतर. आणि पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगून ठेवला होता. आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या बशीवर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवतो, रात्रभर ३७ अंशांवर ठेवून सकाळी बघतो. टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला तर औषध चालतं. टिकलीला चिकटून जंतू वाढलेले दिसले, की रुग्णाच्या डॉक्टरांना काय कळवायचं आहे ते कळतं, आणि ते कळवताना हात जड होतो.

मुलगा त्याच रात्री घरी चाळणी घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी मामा उपचार केंद्रावर गेले. थुंकी पुन्हा तपासावी लागली. सुदैवाने जंतू औषधाला दाद देणारेच होते, आणि डॉक्टरांनी उपचार पुढे चालू केले. आजी मात्र अजूनही म्हणते, इतकी औषधं पोटात जाणं बरं नव्हे.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा होता. तो आता नुसता ‘आनुवंशिकता’ आहे. उत्क्रांतीचा भाग काढला, आणि त्यावर २०२३ मध्ये देशभर पुष्कळ चर्चा झाली. आम्ही सरकारी माणसं, अभ्यासक्रमावर टीका करणं आमचं काम नव्हे. उत्क्रांती आता बारावीच्या जीवशास्त्रात भेटते. म्हणजे जो मुलगा दहावीनंतर वाणिज्य घेईल, गणित घेईल किंवा शाळा सोडेल, त्याला पुस्तकात ती भेटणारच नाही. पण गोळ्या तोही घेणार, आणि उद्या घरातल्यांना तोच देणार. त्याला हे कुठे सांगायचं, याचं उत्तर आम्हाला तरी मंडळाच्या मागच्या खोलीपलीकडे सापडलेलं नाही.

ती खोली अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारपासून पुन्हा उघडते, संध्याकाळी पाच ते सात. फी नाही. रात्रभर झांक्या बघून जागलेल्यांनी पहिल्या शनिवारी डुलक्या घेतल्या तरी चालतील. एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, त्याची भिंगं आम्ही साफ करून घेतली आहेत. फळ्यावर सध्या सातवीतल्या एका छोट्या मुलीचा प्रश्न लिहिलेला आहे. ती वर्गात बसत नाही, भावाला न्यायला येते. तिने विचारलं, “केळ्यात बी लागत नाही, तर केळीचं नवं झाड येतं कुठून? आणि सगळी केळी एकसारखी कशी?” त्यावर बसायचं आहे. नैवेद्याची केळी उरली तर कृपया वाटून टाकू नका, डझनभर आमच्यासाठी ठेवा. मधोमध कापून आत बारीक काळे ठिपके दिसतात ते मुलांना दाखवायचे आहेत.

आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली. निरांजन लावायला घ्या.