फुलोऱ्याच्या आधी

(जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या अधिवेशनातले अध्यक्षीय भाषण, जुना जालना)



अध्यक्षाने आरंभी आपली अपात्रता सांगावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. बहुतेकांचा तो विनय असतो. माझ्याकडे पुरावा आहे.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच कनिष्ठ महाविद्यालयात लागलो होतो. जलवनस्पतींचे प्रात्यक्षिक तोंडावर आले आणि मला जालन्यात जलपर्णी कुठे मिळेना. शेवटी गोदाकाठच्या एका गावाजवळच्या डबक्यातून बादलीभर उपटून आणली. बादली एसटीच्या बॉनेटवर ठेवली होती. कंडक्टरने विचारले, "सर, ही कशाची भाजी?" मी त्याला 'आयकॉर्निया' हे नाव दोनदा म्हणून दाखवले. दुसऱ्या दिवशी पोरांनी फुगीर देठाचे काप घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली हवेच्या पोकळ्या पाहिल्या, जर्नलात चित्रे काढली. उरलेली झाडे कुठे टाकू, असे शिपाईमामांनी विचारले. मी म्हणालो, "मागच्या हौदात सोडा, पुढच्या वर्षी कामाला येतील."

पुढच्या वर्षी हौद गच्च भरलेला होता. मला आनंद झाला. एसटीची एक खेप वाचली. तिसऱ्या पावसाळ्यात हौद ओसंडला आणि पाणी मागच्या नाल्यात गेले. नाला कुंडलिकेला मिळतो, कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. नद्यांचा हा क्रम मी मुलांना फळ्यावर काढून शिकवत असे. त्याच फळ्यासमोर उभे राहून माझ्या बादलीतला एखादा कोंब कुठवर गेला असेल, हा विचार मात्र मला कित्येक वर्षे शिवला नाही.

म्हणून आजच्या भाषणाला मी हाच विषय घेतला. तळ्यात परका जीव येतो कसा आणि त्याला उंबऱ्यावरच कसे अडवायचे? तो आल्यावर काय करायचे, याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

आधी नावाबद्दल थोडे. जलपर्णी! किती गोड नाव, मुलीचे ठेवावे असे. जमिनीवरच्या आगंतुकांना आपण गाजर गवत म्हटले, बेशरम म्हटले, वेडी बाभूळ म्हटले. पाण्यातल्या या बाईसाहेबांना मात्र संस्कृत नाव दिले. कोल्हापूरकर तिला केंदाळ म्हणतात. त्यांचा कान अधिक शाबूत आहे असे माझे मत झाले आहे. बंगालात पहिल्या महायुद्धाच्या काळात तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले होते. शत्रूचे नाव तरी दिले त्यांनी.

बंगालचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे जरा थांबू. मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निळ्या-जांभळ्या फुलांच्या हौसेने बंगालात आली. वीस-पंचवीस वर्षांत पूर्व बंगालचे नदीनाले तुंबले, होड्या अडल्या, भातखाचरात तिचे थर शिरले. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष कोण? जगदीशचंद्र बोस. वनस्पतीच्या संवेदना मोजणारा माणूस वनस्पतीच्या निर्मूलनावर बसवला होता. १९३६ मध्ये खास कायदा झाला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवण्याचे वचन होते. एवढे सगळे होऊन ती आज बंगालात आहेच. अमेरिकेची कथा तर याहून न्यारी. लुइझियानातल्या खाड्या मोकळ्या करण्यासाठी आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, असे विधेयक १९१० मध्ये तिथल्या संसदेत मांडले गेले होते. ते नापास झाले म्हणून बरे. पाणघोड्यांचे निर्मूलन कोणत्या खात्याकडे दिले असते, कोण जाणे.

ही वनस्पती इतकी चिवट का, हे तुम्हाला मी सांगायला नको. बियांची गरजच नाही, धावत्या खोडाच्या टोकाला पिल्लू धरते आणि ते तुटून वेगळे होते. ऊन आणि खतावलेले पाणी मिळाले तर दहा-बारा दिवसांत झाडे दुप्पट होतात. बारा दिवस धरा. आज एक रोप आहे. चार महिन्यांनी हजाराच्या वर. त्यावर बियाही धरतात, त्या गाळात पडतात आणि पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. म्हणजे तळे साफ केल्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, त्या दिवशी गाळात पुढच्या पिढीची ठेव मुदतबंद पडलेली असते.

या हिशेबावरचे उत्तर आपल्या जालन्याला आधीच माहीत आहे. हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे या गावाभोवतीच्या शिवारात बीजोत्पादनाचे प्लॉट उभे राहिले. आज समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी असा प्लॉट झाला असेल. त्या प्लॉटवर काय चालते? शेजारच्या पिकापासून ठरलेले अंतर सोडावे लागते. शेतकरी सरीसरीने फिरतो आणि पानाचा आकार, देठाचा रंग, उंची यांत जरा वेगळे दिसलेले झाड उपटतो. भेसळ काढणे म्हणतात त्याला. ती काढायची फुलोऱ्याच्या आधी. फूल उमलले, परागकण उडाले की मग ते एक झाड काढून भागत नाही, प्लॉटच नापास होतो. निरीक्षक येऊन नापास करून गेला तर वर्षाची मेहनत गेली. त्यामुळे जालन्याच्या शेतकऱ्याला एका झाडाची किंमत कळते.

तळ्याच्या बाबतीत मात्र ते एक झाड बघणे कोणाचेही काम नाही. पाटबंधारेवाला पातळी मोजतो, मत्स्यव्यवसायवाला ठेक्याचे पैसे मोजतो, नगरपालिका मोटार चालते का ते पाहते. हिरवा गालिचा पसरला, डास वाढले, लोकांनी बोंब मारली, की निविदा निघते. मग यंत्र येते, टनावर पैसे दिले जातात, आणि ढीग तळ्याच्या काठावरच टाकतात. पहिल्या पावसात त्यातले काही पुन्हा पाण्यात. पुण्याच्या मुळा-मुठेत, पवनेत, कोल्हापूरच्या पंचगंगेत वर्षानुवर्षे हेच चालले आहे. ठेकेदाराला मी दोष देत नाही. पद्धतच अशी आहे की आलेल्या जलपर्णीचे बिल निघते, न आलेल्या जलपर्णीचे निघत नाही.

तिचे भुंगे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत. जलपर्णीच खाणारे नीओकेटिना प्रजातीचे भुंगे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूला आणले, पारखले, मगच सोडले, आणि तिथल्या काही तळ्यांत त्यांनी चांगले काम केले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरावर १९९० च्या दशकात त्यांचा उपयोग झाला. पण भुंग्याला काही वर्षे लागतात, आणि आपण झाडाला रोज मैलापाण्याचे पंचपक्वान्न वाढत राहिलो तर बिचाऱ्या भुंग्याने खायचे तरी किती? गावाचे सांडपाणी नदीत जाते तोवर जलपर्णी ही पाहुणी नाही, तिला आमंत्रण आहे. हे मी इथे थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर प्रत्येक अधिवेशनात ठराव होतो.

मला जास्त बोलायचे आहे ते वाटांबद्दल. परका जीव तळ्यात चालत येत नाही. त्याला कोणीतरी आणतो, आणि आणणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. मत्स्यालयाचा कंटाळा आलेला मुलगा मासे मारायला धजत नाही, तळ्यात सोडतो. पाळलेले कासव मोठे झाले की देवळाच्या कुंडात जाते, पुण्यही लागते. २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि त्यानंतर काश्मीरच्या दल सरोवरात सुसरीसारख्या तोंडाचा अमेरिकी ॲलिगेटर गार मासा सापडला. तो काही पोहत आला नव्हता.

दुसरी वाट बोटुकलीची. ठेका घेतलेल्या तळ्यात सोसायटी मत्स्यबीज सोडते. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत रोहू-कटल्याची म्हणून जी पिल्ले येतात, त्यात चार चिलापीची असली तर कोण ओळखणार? चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती लहान वयातच विणीला येते, पिल्ले तोंडात सांभाळते आणि गावठी माशांची जागा घेते. उजनीच्या पाण्यात तिने असा जम बसवला आहे की भिगवणला गेलेला माणूस ती खाल्ल्याशिवाय परतत नाही. मीही खाल्ली आहे, चवीला चांगली लागते. तेवढ्यावरून तिला आपल्या घाणेवाडीच्या तलावाचे आमंत्रण देऊ नये. थाई मांगूरवर तर २००० सालापासून बंदी आहे, तरी उजनीच्या परिसरात तिची तळी प्रशासनाला नष्ट करावी लागली. बियाण्याच्या पिशवीला टॅग नसेल तर आपण दुकानदाराशी भांडतो. बोटुकलीच्या पिशवीचा टॅग मागताना मी अजून कोणाला पाहिलेले नाही.

तिसरी वाट सांगताना मला जरा संकोच होतो, कारण ती चांगल्या कामातून जाते. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. उताराने वाहत येऊन शहराची तहान भागवणारा. २०१२ च्या दुष्काळात इथे पाण्यासाठी काय हाल झाले, ते इथल्या प्रत्येक घराला आठवते. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने आणि शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याचा गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. असे काम महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी झाले आहे. पुढे २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आली. पण तेच पोकलेन, तेच टिपर एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जातात. बकेटीला, साखळीपट्ट्याला ओला गाळ चिकटलेला असतो. त्या गाळात काय निजले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत १९८८ साली झेब्रा शिंपला सापडला, तो जहाजांच्या पाण्यातून आला होता. आता तिथे होडी एका तळ्यातून काढली की धुवायची, निथळवायची, वाळवायची, मगच दुसऱ्यात घालायची, अशी शिस्त लावली आहे. आपल्याकडे होड्या कमी. थर्मोकोलचे तराफे, हवा भरलेल्या ट्यूबा, जाळी आणि पोकलेन जास्त. यंत्र तळ्यावरून हलवण्यापूर्वी काठावरच पाण्याच्या टँकरने धुवून काढायचे आणि दोन दिवस उन्हात ठेवायचे, एवढी अट कामाच्या आदेशात घालायला किती शाई लागेल? आणि जालन्याचे ऊन फुकट आहे.

आणखी एक खाजगीतले बोलतो. डासांसाठी आपण गप्पी मासे सोडतो. शाळांमधून मोहिमा काढतो, मीही काढल्या. बंद हौदात, गटारात ठीक आहे. पण ओढ्यात, वाहत्या नाल्यात, जुन्या बारवेत ते ओंजळीने सोडू नयेत; गप्पी दक्षिण अमेरिकेचा, आणि डासांच्या अळ्या खाणारे आपले छोटे मासे त्या ओढ्यात आधीपासून असतात. त्यांची नावे मुलांना तर नाहीच, आपल्यालाही धड येत नाहीत.

कायदाही आता झाला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन परक्या घुसखोर जातींची आयात, विक्री, बाळगणे यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पण दिल्लीची अधिसूचना जालन्याच्या मोती तलावाच्या काठावर उभी राहून पाहू शकत नाही.

पाहू कोण शकतो, याचा एक नमुना भंडाऱ्यात आहे. तिथली माजी मालगुजारी तळी बेशरमाने वेढली गेली होती, मासे घटले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या स्त्रिया यांनी बेशरम मुळासकट काढला. ते बहुतेकांनी केले असते. त्यांनी पुढचे केले. उन्हाळ्यात तळ्याचा तळ नांगरला आणि गावठी पाणवनस्पती हाताने लावल्या, माशांना अंडी घालायला आणि लपायला जागा व्हावी म्हणून. मोकळ्या जागेत तण येते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पाण्याखालच्या मोकळ्या जागेचे आपल्याला सुचत नाही. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान त्या ढिवरांकडे होते. ते आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

आता माझ्या बादलीकडे परत येतो. दर वर्षी प्रात्यक्षिकासाठी माझ्यासारखेच किती शिक्षक बादल्या घेऊन हिंडत असतील? या अधिवेशनाने एवढे तरी ठरवावे की जिथे जलपर्णी नाही तिथे ती प्रात्यक्षिकासाठी नेणार नाही. कमळाचा देठ घ्या. फुलवाल्याकडे मिळतो, आणि त्यातल्या हवेच्या नळ्या एवढ्या मोठ्या असतात की मागच्या बाकावरच्या पोराला भिंगाशिवाय दिसतात. जलपर्णीच दाखवायची असेल तर ती आहे तिथे मुलांना न्या. उरलेले कुठे टाकायचे, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या वहीत छापा आणि त्याला दोन गुण ठेवा. वाळवून जाळले, असे उत्तर आले तर पूर्ण गुण.

आणि प्रत्येक शाळेने जवळचे एक तळे धरावे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर एकदा, गणपती विसर्जन झाल्यावर एकदा, दिवाळीच्या सुटीनंतर एकदा, असे तीनदा काठाने फिरावे. पुराच्या पाण्याने येतात ते कोंब वाऱ्याच्या दिशेच्या काठाला लागतात, तिथेच बघावे. एखादे रोप सापडले तर मुळासकट, पिल्लांसकट काढायचे, पिशवीत घालायचे, तारीख लिहायची. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर ज्या मुलांचे आईवडील भेसळ काढतात, त्या मुलांना हे शिकवायला आपल्याला फार वेळ लागणार नाही; कदाचित तीच आपल्याला शिकवतील.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर आभार आणि समारोप लिहिले आहे. संयोजकांच्या परवानगीने त्यात एक भर घालतो. साडेचारला आपण मोती तलावावर जाणार आहोत. जमशेदखानाने बांधलेला, एके काळी जमिनीखालच्या नळांतून गावाला पाणी पुरवणारा हा तलाव आपल्यापैकी अनेकांनी विसर्जनाच्या गर्दीतच पाहिला आहे. आज गर्दीविना पाहू. दोन-दोनच्या जोड्या करा, काठ वाटून घ्या, चिखलात चालतील अशा चपला घाला. पिशव्या मी आणल्या आहेत. चहा झाला की गांधी चमनवर रिक्षा मिळतील.