स्तनातील गाठीची तपासणी आणि गामा कॅमेरा

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी दिलेले व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून.)



आपले मंडळ दरवर्षी या दिवशी कुणा डॉक्टरांना बोलावते. यंदा मला उभे केले आहे, म्हणून आधी सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी तंत्रज्ञ आहे. मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये एक वर्षाचा डिप्लोमा केला आणि हैदराबादला परत येऊन नोकरीला लागलो. रुग्णाला इंजेक्शन देणे, कॅमेऱ्याखाली नीट झोपवणे आणि चित्र काढणे हे माझे काम. चित्राचा अर्थ डॉक्टर लावतात. हा फरक मी एकदा विसरलो होतो, ते पुढे सांगतो.

मागच्या रांगेतले काही पुरुष चहाला निघालेले दिसतात. त्यांनीही थांबावे. हा आजार पुरुषांनाही होतो, जरी शंभर रुग्णांत एखादाच पुरुष असतो. आणि घरातल्या बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे अजूनही पुष्कळ घरांत तुम्हीच ठरवता.

२०१६ साली नांदेडच्या माझ्या धाकट्या मावशीला आंघोळ करताना गाठ लागली. वय ४७. तिने हिंमत करून मॅमोग्राफी करून घेतली आणि रिपोर्टचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. आमच्या नात्यात दवाखान्यात काम करणारा मी एकटाच. मी ड्यूटीवर होतो, घाईत वरच्या चार ओळी वाचल्या आणि फोन करून सांगितले, "मावशी, नॉर्मल आहे, काळजी करू नकोस." रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ होती. स्तनाची घनता जास्त आहे, गाठ हाताला लागत असेल तर सोनोग्राफी करावी. ती ओळ मी वाचली नाही. मावशीचा भाच्यावर विश्वास. ती सात महिने गप्प बसली.

तिच्या परवानगीनेच हे सांगतो आहे. "माझं नाव घेऊ नकोस, पण सांग," म्हणाली.

आता ही घनता म्हणजे काय? स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथी असतात. मॅमोग्राफीच्या क्ष-किरण चित्रात चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. वय वाढते तशा ग्रंथी कमी होतात, चरबी वाढते आणि गाठ उठून दिसते. तरुण वयात ग्रंथी दाट असतात, तेव्हा गाठ शोधणे म्हणजे चुन्याच्या भिंतीवर खडूची रेघ शोधणे. आपल्या देशात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे अलीकडच्या वयात आढळतो. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते असा जागतिक अंदाज आहे. म्हणून आपल्याकडे हा भिंत-खडूचा प्रश्न जास्त येतो.

अशा वेळी पहिली जोड सोनोग्राफीची. गरज पडली तर एमआरआय. आणि काही ठराविक वेळी आमच्या विभागाची.

"न्यूक्लिअर" म्हटले की लोकांना अणुबॉम्ब आठवतो. आमच्याकडे दर आठवड्याला शिशाच्या जाड कवचात एक लहानशी नळी येते. तिच्यात मॉलिब्डेनम असते आणि त्यातून सतत टेक्निशियम तयार होत राहते. रोज सकाळी आम्ही त्यातून मिठाचे पाणी सोडतो आणि तयार झालेले टेक्निशियम काढून घेतो. आमच्या धंद्यात या उपकरणाला जगभर गायच म्हणतात आणि या कामाला दूध काढणे. आठवड्याअखेर गाय आटते, मग नवी येते.

टेक्निशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. सकाळी सहाला सोळा आणे असेल, तर दुपारी बाराला आठ आणे, संध्याकाळी सहाला चार, मध्यरात्री दोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक आणा. शिवाय लघवीवाटेही बरेच निघून जाते. म्हणून तपासणीनंतर भरपूर पाणी प्या, आणि त्या दिवशी लहान नातवंडाला फार वेळ मांडीवर घेऊ नका, एवढेच पथ्य आम्ही सांगतो. गर्भवती असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवे.

हे टेक्निशियम सेस्टामिबी नावाच्या औषधाला जोडून हाताच्या शिरेत देतात. ज्या बाजूला गाठ, तिच्या विरुद्ध हाताला. तोंडात क्षणभर धातूसारखी चव येते, घाबरू नये. मूळचे हे औषध हृदयाच्या तपासणीचे. ते पेशीतल्या वीजघरांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, जाऊन बसते. कर्करोगाच्या पेशींना रक्तपुरवठा जास्त आणि वीजघरेही कामात, म्हणून तिथे ते जास्त साचते. मॅमोग्राफी जागेचा आकार दाखवते, गामा कॅमेरा तिथली धावपळ दाखवतो. ग्रंथी दाट असल्या तरी त्याला फारशी अडचण होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या तपासणीसाठी याला मान्यता मिळाली. काही ठिकाणी खास स्तनासाठी बनवलेले छोटे कॅमेरे आहेत, त्यांत बसून, हलक्या दाबाने, एकेका बाजूला दहा-दहा मिनिटे चित्र घेतात.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? मला हा प्रश्न लग्नात, बारशात, कुठेही विचारला जातो. कारण एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ साध्या गामा कॅमेऱ्याला बरेचदा दिसत नाही. दुसरे, फायब्रोअॅडिनोमासारख्या निरुपद्रवी गाठीही कधीकधी उजळतात. तिसरे, मॅमोग्राफीचा किरणोत्सर्ग मुख्यतः स्तनापुरता आणि थोडा असतो. आमचे औषध सगळ्या अंगात फिरते आणि त्याची मात्रा मॅमोग्राफीच्या कित्येक पट होते. एकदा, गरज म्हणून, ठीक आहे. दरवर्षी हौसेने करण्याची ही गोष्ट नाही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचे मत जुळत नसेल, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण चित्रात गोंधळ करत असेल, पेसमेकरमुळे किंवा बंद नळीच्या भीतीने एमआरआय जमत नसेल, तेव्हा डॉक्टर याचा विचार करतात. आणि चित्र काहीही सांगो, निकाल सुईच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा. सुई लावली की कर्करोग पसरतो, हे मी याच सभागृहात ऐकले आहे. त्या भीतीने बायका महिनोन्‌महिने घालवतात, आणि गाठ वाढते ती त्या महिन्यांत.

आमच्या विभागाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम वेगळेच आहे. स्तनातून रोग निघाला तर तो आधी काखेतल्या लिम्फ नोडमध्ये जातो. सगळे नोड काढून टाकले तर हात सुजण्याचा धोका राहतो. आता शस्त्रक्रियेआधी गाठीजवळ किंवा स्तनाग्राजवळ थोडे टेक्निशियम टोचतात, ते वाहत जाऊन पहिल्या नोडपाशी थांबते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन पेनाएवढ्या यंत्राने आवाज ऐकत तो नोड शोधून काढतात. तो स्वच्छ निघाला तर बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

मावशीला याचा उपयोग झाला नाही. सात महिन्यांनी सोनोग्राफी झाली, सुई झाली, तेव्हा काखेतले नोड हातालाच लागत होते. केमोथेरपीसाठी ती माझ्याकडेच हैदराबादला राहिली. हाडांचा स्कॅन मीच केला. इंजेक्शननंतर तीन तास थांबावे लागते. ती बाकावर बसून पाणी पीत होती आणि मी दुसऱ्या रुग्णांची कामे करत होतो. "तू त्या दिवशी नीट वाचलं नव्हतंस ना?" असे तिने एकदाच विचारले. मी हो म्हणालो. हाडे स्वच्छ निघाली, पण काख पूर्ण काढावी लागली. आज ती बरी आहे, परंतु डावा हात सुजतो. दिवसभर घट्ट बाही घालून असते, त्या हातात बांगड्या भरत नाही, आणि गणपतीला पुरण वाटण्याचे काम सूनबाईकडे गेले आहे.

एक गोष्ट राहिली. यंत्राचे कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यालाही विचार करायला लावणारी. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे, दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका नुसत्या हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. ना मॅमोग्राफी, ना गामा कॅमेरा.

आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी थांबणार आहे. दोघी-तिघींनी रिपोर्ट आणले आहेत असे कळले. अवश्य दाखवा. मी नॉर्मल आहे किंवा नाही असे काही सांगणार नाही. अगदी तळाची ओळ तुमच्यासमोर मोठ्याने वाचीन, आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते मराठीत कागदावर लिहून देईन.