भामरागडचे जहाज

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. त्या दिवशी ते जरा लांबले होते. इथे थोडे आटोपते घेतले आहे.)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी नाही म्हणालो होतो. चित्रकलेच्या मास्तरला फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय असते. पण गेल्या डिसेंबरात आपल्या ग्रुपवर एका मित्राने फोटो टाकले, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत. तो बायकोला घेऊन अंटार्क्टिकाच्या सफरीला गेला होता. पेंग्विन पाहिले, बर्फाचे डोंगर पाहिले, आणि एका फोटोत जहाजाच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसे गळ्यात रुमाल बांधून जलरंगात चित्रे काढताना दिसली. जहाजावर रोज दुपारी जलरंगाचा वर्ग असतो म्हणे, त्यासाठी शिक्षक नेमलेला असतो. लगेच खाली दुसऱ्या मित्राचा मेसेज आला, "आपल्या ड्रॉइंगवाल्याले बोलावतीन का बे तिथं?"

मी तेव्हा हसणारी बाहुली टाकली आणि गप्प बसलो. पण मनात म्हटले, बाबा रे, मीही जहाजावर जलरंग शिकवले आहेत. आज तेच सांगतो.

आधी आपल्या वर्गाचे. सरांचा तास आठवतो का? चैत्र-वैशाखात चंद्रपूरचे ऊन ४५-४६ वर जायचे, महाकालीच्या यात्रेतले लोक सावली शोधत झरपटकडे सरकायचे, आणि आपण सकाळी सातला रामाळा तलावाच्या काठी पाट्या घेऊन बसायचो. नऊ वाजले की रंग कागदावर टेकायच्या आधीच वाळायचा. आकाशाचा वॉश वरून खाली येईपर्यंत मध्ये दोन-तीन पट्टे पडायचे. सरांच्या शर्टाच्या खिशात ग्लिसरीनची छोटी बाटली असायची. पाण्यात दोन थेंब टाकले की रंग जरा धीर धरायचा. नागपूरला ए.टी.डी. करताना मी हे सांगितले तर तिथली मुले हसली होती. मे महिन्यात त्यांनीही बाटली आणली.

सरांची दुसरी सवय म्हणजे बाकांमधून फिरताना हात पाठीमागे बांधलेले. चित्र कितीही बिघडलेले असो, त्यांनी कधी आपल्या कागदावर ब्रश लावला नाही. दाखवायचे असले की स्वतःच्या कागदाच्या तुकड्यावर दाखवायचे, आणि तो तुकडा खिशात घालून पुढे जायचे. आपल्याला वाटायचे सर आळशी आहेत. सर, माफ करा, पण वाटायचे.

नववीत असताना २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. व्हरांड्यातल्या भिंतीवर आपणच रंगवलेला चंद्रपूर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. सरांनी स्टूल आणवले, वैनगंगेच्या बाजूने एक काळी रेघ ओढली आणि म्हणाले, "आता पलीकडचा रंग बदला रे." पलीकडे आम्ही सगळा हिरवा दिला. एकच हिरवा, डब्यातला. आत जंगल आहे एवढेच आपल्याला माहीत होते. ताडोबा इथून तासाभरावर, तरी शाळेत असेपर्यंत मी दोनदाच गेलो असेन, तेही थंडीत.

जून १९९१ मध्ये मी त्या हिरव्या भागात नोकरीला लागलो. आलापल्लीहून भामरागडकडे, पर्लकोटा ओलांडून पलीकडे, एका आश्रमशाळेत. तेवीस वर्षांचा होतो. चित्रकला शिक्षक म्हणून नेमणूक, पण गणित, खेळ आणि रात्रीची वसतिगृहाची हजेरीही माझ्याकडेच. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे भेटतात. इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींचे पाणी मागे सरकते, पर्लकोटेवरचा पूल बुडतो आणि भामरागड जगापासून तुटते. दर पावसाळ्यात हेच. त्या ऑगस्टमध्ये आम्ही आठ दिवस तसे अडकलो. चारी बाजूंना मातकट पाणी, मधे शाळेची इमारत, साठेक मुले, चार मास्तर, तांदूळ आणि तुरीची डाळ. वीज नाही, टपाल नाही. जहाजच होते ते. फक्त ते हलत नव्हते, पाणी हलत होते.

शिकवायचे काय? माझ्याकडे कॅमलच्या वड्यांचे चार डबे आणि एक कागदाचा गठ्ठा होता. एलिमेंटरीची परीक्षा जवळ आली होती. मी वर्ग सुरू केला, सकाळी आणि दुपारी. इथे चंद्रपूरच्या उलटा त्रास. कागद दमट, वॉश वाळायलाच तयार नाही, एक रंग दुसऱ्यात घुसून चिखल. स्वयंपाकघरात चुलीच्या मागे दोरी बांधून आम्ही चित्रे वाळत घालायचो. काहींना डाळीचा वास यायचा.

मी मुलांना एडवर्ड विल्सनची गोष्ट सांगायचो. नागपूरच्या ग्रंथालयात मी त्याच्यावरचे पुस्तक पाहिले होते. कॅप्टन स्कॉटच्या दोन्ही मोहिमांत तो अंटार्क्टिकावर गेला. डॉक्टर, पक्षी ओळखणारा, आणि चित्रकार. तिथे उघड्यावर जलरंग चालत नाहीत, ब्रशवरचे पाणीच गोठते. म्हणून तो हातमोजे काढून घाईघाईने पेन्सिलचे रेखाटन करायचा आणि प्रत्येक भागावर रंगाचे नाव लिहून ठेवायचा. मग तळावरच्या लाकडी घरात, ॲसिटिलीनच्या दिव्याखाली बसून ते रंगवायचा. १९१२ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना तो स्कॉटबरोबरच तंबूत गेला. मुलांना सगळ्यात नवल वाटायचे ते पाणी दगडासारखे होते याचे. एकाने विचारले होते, "गुरुजी, मग नदी ओलांडायला डोंगा लागत नसेल?"

सहाव्या दिवशी मी स्मरणचित्राला विषय दिला, "जंगल". सातवीतली एक मुलगी होती, फार कमी बोलणारी. नाव सांगत नाही. तिने झाडे लाल काढली. लाल म्हणजे अगदी पेटलेली. झाडांखालची जमीन काळी, आणि मधे धुरकट पांढरा पट्टा. खिडकीबाहेर सगळे हिरवेगार ठिबकत होते. मी विचारले, "हे काय आहे?" ती म्हणाली, "जंगल." मला वाटले हिला रंग कळलेले नाहीत, परीक्षेत नापास होईल. मी तिच्या हातातून ब्रश घेतला, सॅप ग्रीनमध्ये बुडवला आणि डावीकडची तीन झाडे हिरवी करून दाखवली. "हे असं," म्हणालो.

तिने काही म्हटले नाही. माझ्या हातातून ब्रश घेतला, डब्यातल्या पाण्यात नीट धुतला, पुसला, पेटीत ठेवला. त्यानंतर ती माझ्या तासाला बसायची, पण ब्रश उचलायची नाही. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, त्या दिवशी तिच्या पोटात दुखत होते.

पुढच्या एप्रिलमध्ये मोह पडू लागला आणि वर्ग निम्मे रिकामे झाले. त्या दिवसांत घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांचे हात टोपलीला लागतात. मुख्याध्यापकांनी मला गावागावांत मुले परत आणायला पाठवले. खांद्यावर पिशवी, पिशवीत सवयीने कागद आणि रंग. मी पहाटे निघालो, आणि ऊन वर आले तेव्हा एका वळणावर थांबलोच.

कुसुमाला नवी पालवी फुटली होती. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. फुले नाहीत, पानेच ती, पण लाल. मोहाचे कोवळे कोंब तांब्याचे. साग उघडे पडलेले. मोहाच्या झाडांखाली, फुले वेचायला सोपी जावीत म्हणून, लोकांनी पालापाचोळा जाळला होता. जमीन काळी, आणि खोडांमधून धुराचा पांढरा पट्टा. डब्यातला हिरवा कुठेही नव्हता. चोवीस वर्षे या जिल्ह्यांत काढून मी चैत्रातले जंगल पहिल्यांदा पाहत होतो. स्मरणचित्र म्हणजे काय हे त्या मुलीला बरोबर समजले होते. न समजलेला मी होतो.

ती तिथेच, आईबरोबर फुले वेचत होती. मला पाहून उभी राहिली. काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी जमिनीवर बसलो आणि चित्र काढायला लागलो. रंग वडीवरच वाळत होते, ग्लिसरीन नव्हते. मग विल्सनसारखे पेन्सिलने रंगांची नावे लिहू लागलो. कुसुमावर मी लिहिले, "तांबडा". ती मागे उभी राहून वाचत होती.

"तांबडा नाही, गुरुजी," ती म्हणाली. "चोळलेल्या सागाचा."

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात रक्तासारखा लाल होतो. तो रंग. मी खोडून तसे लिहिले. जमिनीवर "काळा" लिहिले, तर म्हणाली, "दव पडलेल्या राखेचा." अशी पाच-सहा नावे तिने सांगितली. सांगताना बोट कागदाच्या वर धरायची, टेकवायची नाही. माझ्या कागदाला तिने एकदाही हात लावला नाही.

मी तिला म्हणालो, तुझे चित्र बरोबर होते, चूक माझी होती. तिने मान हलवली, म्हणजे काय ते मला आजही सांगता येणार नाही. ती जूनमध्ये शाळेत परत आली नाही. घरची कामे होती, धाकटी भावंडे होती, तिच्या वयाच्या बऱ्याच मुली तेव्हा येत नसत. माझ्यामुळे आली नाही असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे समजणे होईल. पण माझ्यामुळे एक कारण कमी झाले असते, एवढे नक्की.

नंतर तीन शाळा बदलल्या, वैनगंगेच्या अलीकडे आलो, दोन वर्षांत निवृत्त होईन. वर्गात हात पाठीमागे बांधून फिरतो. मुलांना वाटते सर आळशी आहेत.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून एक सांगायचे आहे. बाहेर आपल्या सगळ्यांच्या जुन्या वस्तूंचे जे टेबल मांडले आहे, त्यावर दप्तरे आणि प्रगतिपुस्तकांच्या शेजारी एक चित्र ठेवले आहे. बुरशीचे डाग पडलेत, कोपरा उंदराने कुरतडला आहे. त्यावर कोणाचे नाव नाही. जाताना बघा. डावीकडची तीन हिरवी झाडे माझी आहेत, बाकीचे चित्र तिचे.