मातीचा शिल्पकार आणि भट्टीचे देणे



कामगार संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने कलेवर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण त्या कामानेच आम्हांला एक खोड लावली आहे. सुंदर वस्तू समोर आली, की तिच्याखाली लिहिलेले एकच नाव वाचून आमचे समाधान होत नाही. माती कोणी तुडवली, भट्टीला लाकूड कोणी घातले आणि त्यांची मजुरी चुकती झाली की नाही, हे प्रश्न मनात उभे राहतात. कलावंतांच्या चरित्रांत ह्या प्रश्नांची उत्तरे सहसा मिळत नाहीत. सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच माणसाने मात्र ती स्वतःच लिहून ठेवली आहेत. त्याचे नाव बेर्नार पालिसी.

त्याच्या हातची म्हणून ओळखली जाणारी परात कशी असते, ते आधी सांगतो. लांबट गोल, मातीची, झिलई केलेली. मध्ये एक लहानसे बेट आणि त्यावर वेटोळे घातलेला साप. भोवती निळसर पाणी, पाण्यात मासे. काठावर नेच्याची पाने, शिंपले, बेडूक आणि दगडावर चढू पाहणारा सरडा. सापाचा खवला न खवला उमटलेला. अशा परातीतून जेवण वाढता येत नाही. ती पाहण्यासाठीच केलेली असते, आणि पाहणाऱ्याचा हात क्षणभर मागे सरतो. 1570 सालच्या फ्रेंच राजदरबाराच्या हिशेबांत बेर्नार, निकोला आणि माथुरँ पालिसी ह्यांची नोंद ‘मातीचे शिल्पकार’ अशी आहे. ह्या पदवीपर्यंतची वाट कशी होती, ते आज पाहावयाचे आहे.

पालिसीचा जन्म 1510 च्या सुमाराचा, नैर्ऋत्य फ्रान्समधला. शिकलेला धंदा काचेवर चित्रे रंगवण्याचा. ग्रीक नाही, लॅटिन नाही. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अडाणीच. काम शोधीत बरीच भटकंती करून तो सँत नावाच्या गावी स्थायिक झाला, लग्न केले, मुले झाली. तेथे एके दिवशी त्याला पांढऱ्या झिलईचा एक मातीचा पेला पाहावयास मिळाला. तो इतका देखणा होता, की ही झिलई आपण करावयाचीच, असे ह्या माणसाच्या मनाने घेतले. तोवर मातीच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता. अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखे आपण निघालो, असे पुढे त्यानेच लिहिले.

त्याने मातीची भांडी विकत आणली, फोडली आणि खापऱ्यांवर निरनिराळी द्रव्ये कुटून, दळून पसरली. कोणत्या खापरीवर काय लावले, ते टिपून ठेवले. आधी स्वतःची भट्टी, मग गावच्या कुंभारांची, मग काच करणाऱ्यांची, असे प्रयोग वर्षानुवर्षे चालले. शेवटी काचेच्या भट्टीत घातलेल्या तीनशेहून अधिक खापऱ्यांपैकी एक चार तासांत वितळून पांढरी, गुळगुळीत निघाली. आपला नवा जन्म झाला असे त्याला वाटले. पण खापरी साधणे वेगळे आणि भांडे साधणे वेगळे. त्याने नवी भट्टी बांधली. विटा पाठीवरून आणल्या, चुना स्वतः कालवला, पाणी स्वतः ओढले. सहा दिवस आणि सहा रात्री तो जाळासमोर बसला. झिलई काही वितळेना. लाकूड संपले, तेव्हा बागेतल्या वेलींचे आधार उपटून आत घातले. ते संपले, तेव्हा घरातली मेजे गेली. मेजांच्या मागून घराची लाकडी जमीन गेली.

ही कथा पुष्कळांनी ऐकलेली असेल. सॅम्युएल स्माइल्सच्या 1859 सालच्या ‘सेल्फ हेल्प’ ह्या पुस्तकात थोर कुंभारांचे एक प्रकरण आहे आणि त्यात पालिसीला मानाचे पान आहे. ते पुस्तक आपल्याकडेही खूप वाचले गेले. त्यातला बोध असा, की चिकाटी धरणारा माणूस कोणाच्या मदतीवाचून वर येतो. चिकाटीला आम्ही कमी लेखीत नाही. पण पालिसीने लिहिलेली हकीकत नीट वाचली, तर तिच्या जमेच्या बाजूला लागून एक नावेची बाजूही दिसते. ती वाचल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

पहिले देणे घराचे. पायांखालची जमीन जळत होती, ती बायकोच्या आणि मुलांच्याही पायांखालची होती. घरात निंदा होई, दारात सावकार उभा राही, आणि हा खोटी नाणी पाडतो अशी कुजबुज गावात चाले. दुसरे देणे दायांचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याची लहान मुले दायांकडे दूध पिण्यास ठेवलेली असत, आणि त्या बायांचे पैसे देणे आपल्याला जमत नव्हते, असे तो स्वतः सांगतो. तिसरे देणे एका कुंभाराचे. आपल्या नमुन्यांप्रमाणे भांडी घडवण्यासाठी पालिसीने एक साधा कुंभार मदतीला ठेवला. त्याचे जेवण खानावळीत उधारीवर चाले. सहा महिन्यांनी पैशाअभावी त्याला निरोप द्यावा लागला, तेव्हा मजुरीपोटी पालिसीने अंगावरचे कपडे काढून दिले. त्या कुंभाराचे नाव पुस्तकात नाही. पण तो होता, त्याची मजुरी देणे लागत होते आणि ती अशी फिटली, एवढे तरी मालकानेच लिहून ठेवले. हे लिहिणारा माणूस प्रामाणिक होता, म्हणूनच त्याच्याविषयी आम्हांला प्रेम वाटते.

मित्रहो, पुढची भट्टी कशी बिघडली ते ऐका. ह्या वेळी झिलई उत्तम वितळली होती. पण भट्टी बांधताना वापरलेल्या चुन्यात गारगोटीचे खडे होते. आचेने ते तडकले, त्यांच्या कपच्या उडाल्या आणि ओल्या मधासारख्या झालेल्या झिलईत रुतून बसल्या. भांडी दिसावयास सुरेख, पण हात फिरवला तर कापेल. पैसे मिळतील ह्या आशेने सकाळपासून देणेकरी जमले होते. पडत्या भावाने ती घेण्यास लोक तयार होते. पालिसीने सगळा माल फोडून टाकला. नासका माल आपल्या नावाने बाजारात जाऊ नये, ही कारागिराची अब्रू. त्या दिवशी घरात मात्र तिची किंमत उपवासाने मोजली गेली असणार.

आता साप आणि सरडे कोठून आले, ते पाहू. 1543 च्या सुमारास मिठावरचा कर बसवण्यासाठी राजाचे अधिकारी त्या मुलखात आले. समुद्रकाठच्या मिठागरांचा नकाशा हवा होता, आणि पालिसीला रेषा काढता येत, मोजणी करता येई. पोटासाठी त्याने ते काम घेतले. मजुरी मिळाली, घर थोडे सावरले आणि तो पुन्हा भट्टीकडे वळला. त्याच करावरून 1548 साली लोक उठले. बोर्डो शहरात त्या उठावाचे कठोर शासन ज्या सरदाराने केले, तो आन द मोंमोरांसी पुढे पालिसीचा आश्रयदाता झाला. कलेला आश्रय देणारा हात आणि लोकांना झोडपणारा हात पुष्कळदा एकच असतो, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

जो माणूस पायी हिंडून दलदल मोजतो, त्याला चिखलातला खेकडा, खडकावरचा शिंपला, ओढ्याकाठचा नेचा जवळून दिसतो. दरबारी शिल्पकार त्या काळी रोमच्या देवदेवता घडवीत. पालिसीचे गुरुकुल मिठागराच्या बांधावर होते. तो मेलेले साप, बेडूक, सरडे आणि शिंपले घेई, ताटावर हवे तसे मांडी, त्यांवरून प्लास्टरचा साचा काढी आणि साच्यात माती दाबून आकार उठवी. म्हणून खवल्याची रेघसुद्धा खरी उतरे. पॅरिसच्या लूव्र राजवाड्याच्या आवारात 1980 नंतरच्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात त्याच्या कारखान्यातले असे साचे हाती लागले आहेत.

साचा निघाला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. प्रत्येक रंगाची झिलई वेगळ्या आचेला वितळते. त्यामुळे सापांचा आणि खेकड्यांचा रंग तयार झाला, तरी पांढऱ्याला अजून तेज आलेले नसे. आणि दुसऱ्या एका रंगाची वाट पाहावी, तो सरड्याचा हिरवा रंग जळून जाई. सगळे जीव एकाच आचेत, एकाच वेळी पक्के व्हावेत म्हणून द्रव्यांचे प्रमाण बसवण्यात त्याची वर्षे गेली. पहिल्या पेल्यापासून मोजली तर पंधरा-सोळा वर्षे. ह्या काळात तो इतका वाळला, की चालताना मोज्यांचे बंद टाचांवर घसरत.

हाताने एवढे पाहिलेला माणूस मग बोलू लागला. 1575 साली, वसंताच्या तोंडावर, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, त्याने पॅरिसच्या चौकाचौकांत कागद लावले : मातीवर, दगडांवर, पाण्यावर व्याख्याने होतील, प्रवेशाला एक सोन्याचे नाणे पडेल, आणि आमचे म्हणणे कोणी खोटे ठरवले तर चौपट पैसे परत. नामवंत शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे श्रोत्यांत होता. चौपट रक्कम परत करण्याची वेळ कधी आली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली, बरोबर तीनशे वर्षांनी. ह्या दोहोंचा काही संबंध नाही. पण आजच्या व्यासपीठावरून बोलताना त्या जुन्या व्याख्यात्याची आठवण व्हावी, हे योग्यच आहे.

तो काय सांगत होता? झरे आणि नद्या पावसाच्याच पाण्यावर चालतात. पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या घट्ट थरावरून वाहत बाहेर येतो. दगडांत सापडणारे शिंपले ही सृष्टीची गंमत नसून एके काळी तेथे जगलेले जीव आहेत. तेव्हाचे पुष्कळ विद्वान ह्याच्या उलट शिकवीत. रोज शिंपल्याचा साचा काढणाऱ्या हाताला दगडातला शिंपला ओळखणे सोपे गेले असावे, असे आम्हांला वाटते. 1580 साली त्याने हे सारे पुस्तकरूपाने छापले. त्यात दोन पात्रे आहेत, सिद्धान्त आणि प्रत्यक्ष काम. सिद्धान्त प्रश्न विचारतो आणि प्रत्यक्ष काम त्याला शिकवते. शाळेत न गेलेल्या माणसांनी हे पुस्तक उशाशी ठेवावे असे आहे.

ह्याच पुस्तकात एक जागा अशी आहे, जेथे आमचे त्याच्याशी पटत नाही. सिद्धान्त झिलईची कृती मागतो. प्रत्यक्ष काम नकार देते. औषध आणि शेती ह्यांचे ज्ञान सर्वांना द्यावे, पण धंद्याचे कसब फुटले की माल मातीमोल होतो. लिमोजच्या मिनाकारीचे असेच झाले, काच करणाऱ्यांचे असेच झाले, असे ते म्हणते. शेवटी ते द्रव्यांची नावे सांगते : कथील, शिसे, लोखंड, पोलाद, अँटिमनी, तांबे, वाळू, राख वगैरे. प्रमाण मात्र सांगत नाही.

त्याची भीती खरी होती. हात हातांशी चढाओढ करू लागले की मजुरी कोसळते, हे आपण गिरण्यांत पाहिले, विडीच्या कारखान्यांत पाहिले. पण कुलूप हे त्यावरचे औषध आहे काय? त्याच्या काळी कारागिरांचे संघ होते, पण तेही आपले कसब झाकूनच ठेवीत. गुपिताने एक माणूस काही वर्षे वाचतो. त्याच्या मागून येणाऱ्याला सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते. एकोणिसाव्या शतकात तूर गावच्या शार्ल-झाँ आव्हिसो ह्या कारागिराने पालिसीच्या पद्धतीची परात करावयाचे मनात घेतले, तेव्हा त्यालाही तेच प्रयोग करण्यात वर्षे घालवावी लागली. जी वाट एकदा घरदार जाळून सापडली होती, तिच्यासाठी पुन्हा लाकूड जाळावे लागले. आमचे म्हणणे एवढेच : कसब उघडे असावे आणि मजुरीचा दर सर्वांनी मिळून राखावा. दर राखणारी एकजूट असेल, तर गुपिताची गरज उरत नाही.

पालिसीचा शेवट सांगून थांबतो. तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता. त्यासाठी एकदा तो तुरुंगात गेला आणि बड्या आश्रयदात्यांनी त्याला सोडवले. राजमाता कातरीन द मेदिसीसाठी तो मातीची एक शोभिवंत गुहा घडवीत होता. 1572 च्या कत्तलीतूनही तो वाचला. पण म्हातारपणी पुन्हा धरला गेला, आणि 1590 च्या सुमारास बास्तीयच्या तुरुंगात मेला. धर्म बदलला असता तर सुटला असता. ज्याने नासका माल विकला नाही, त्याने हेही केले नाही.

त्याच्या धर्तीच्या पराती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्यापैकी कोणाचे मूल तिकडे शिकत असेल, कोणी प्रवासाला जाल. अशी परात दिसली तर साप पाहा, नेचा पाहा, हिरवा रंग किती जपून उतरला आहे तो पाहा. आणि पाहून झाल्यावर त्या कपड्यांवर राबलेल्या कुंभाराला आणि पैसे न मिळालेल्या दायांनाही आठवा. परातीवर त्यांची नावे नाहीत. आपल्या गावात जे नवे काही घडेल, मग ते मातीचे असो, लोखंडाचे असो की कापसाचे, त्याच्या हिशेबात अशी नावे लिहिली जावीत आणि त्यांच्यापुढचे देणे फिटलेले असावे, एवढेच मागणे आपल्यापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.