वाट वाकडी करण्याचं शहाणपण
(वसंत व्याख्यानमालेत पातूर इथं दिलेलं व्याख्यान)



मघाशी मी दारातून आत आलो तेव्हा एका आजोबांनी पाण्याचा गिलास पुढे केला आणि विचारलं, "कोनीकून आले?" आपल्याकडे पाहुण्याला हाच पहिला प्रश्न असतो. वेळ किती लागला, हे नंतर. पाहुण्यानं रस्ता सांगितला की ऐकणाऱ्याला बाकीचं आपोआप कळतं. गाडी कुठे हादरली असेल, चहा कुठे झाला असेल, कोणत्या फाट्यावर ट्रकमागे अडकला असेल, सगळं. माझ्या खिशातल्या फोनला मात्र हा प्रश्न पडत नाही. तो एकच गोष्ट मोजतो, मिनिटं. 'कोनीकून' आणि 'किती वेळात' या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे, त्यावर आज बोलणार आहे.

फोनची बाजू आधी मांडतो, कारण त्याच्यावर राग काढणं सोपं आहे. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एडस्गर डाइक्स्ट्रा नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघं कॉफी प्यायला बसली आणि त्या बैठकीत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत त्यानं एक रीत शोधून काढली. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सगळ्यात कमी लांबीचा मार्ग कसा काढायचा, याची ती रीत. १९५९ मध्ये ती छापून आली. आजच्या वाटदाखव्या यंत्रांच्या मुळाशी तीच आहे, पुढे तिच्यात कितीही सुधारणा झाल्या तरी.

रीत आपल्या भाषेत सांगतो. पातूरहून शेगावला जायचंय. एक वाट वाडेगाव-बाळापूरवरून, दुसरी अकोल्यावरून. गावं म्हणजे गाठी, रस्ते म्हणजे दोऱ्या. प्रत्येक दोरीवर एक आकडा लिहायचा आणि ज्या दोऱ्यांची बेरीज सर्वांत कमी भरेल ती वाट निवडायची. गणित चोख आहे, त्यात खोट काढता येत नाही. प्रश्न एवढाच की दोरीवर तो आकडा लिहितो कोण, आणि कशावरून?

आकडा वेळेचा असतो, आणि वेळ समजते ती रस्त्यावरून जाणाऱ्या इतर फोनवरून. महामार्गावर शेकडो फोन एकामागून एक धावत असतात, त्यामुळे तिथला अंदाज बरोबर येतो. पण तुमच्या शिवारातल्या वाटेवरून दिवसाला दोन बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर जातो. त्या वाटेचा आकडा यंत्राला अनुभवावरून कळत नाही, रस्त्याच्या प्रकारावरून अंदाजानं धरावा लागतो. म्हणजे जिथे माणूस कमी तिथे यंत्र आंधळं, आणि नेमकं तिथेच आपण त्याच्यावर जास्त विसंबतो, कारण विचारायला रस्त्यावर कोणी नसतं.

आता माझी फजिती. मी भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर पोरांना नकाशे काढायला लावले. निवृत्तीनंतर गाडी घेतली आणि एका ऑगस्टमध्ये आलेगावच्या बाजूनं परत येत होतो. फोननं सहा किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली. पडद्यावर ती डांबरी रस्त्याइतकीच पांढरी, तितकीच सरळ. अर्धा किलोमीटर गेलो आणि डांबर संपलं. पुढे पांदण. धुऱ्यावर एक बाई गवत कापत होती. ती ओरडली, "इकून जाऊ नोका बाप्पा, गारा हाये!" पण फोन सांगत होता, अकरा मिनिटं. मी फोनचं ऐकलं.

काळ्या मातीचं वेगळेपण इथं कुणाला शिकवायची गरज नाही, तरी मास्तर आहे म्हणून सांगतो. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. ओली झाली की ती चाकाखाली राहत नाही, चाकावर चढते. पाच-सहा फेऱ्यांत टायरची नक्षी भरून गेली, मग माती मडगार्डमध्ये ठासली, मग चाक म्हणजे नुसता गोळा. स्टिअरिंग फिरवावं तर गाडी सरळ, ब्रेक दाबावा तर गाडी तिरपी. गाडी फसली. त्या बाईनं विळा खाली ठेवला, कुणाला तरी हाक मारली, ट्रॅक्टर आला, साखळी लागली. दोन तास गेले. पैसे देऊ केले तर त्या ट्रॅक्टरवाल्यानं घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "गुरुजी, नकाशात माती दिसत नाही काय?"

मंडळी, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशात माती दिसत नाही. रपट्यावरून वाहणारं पाणी दिसत नाही. आणि सगळ्यांची फजिती माझ्यासारखी हसण्यावारी जात नाही. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, अकोला नव्हे, अकोले, कोतूळच्या रस्त्यावर रात्रीच्या अंधारात एक गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणाऱ्याचा जीव गेला. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असायचा. गावातल्या पोरासोरांना ते माहीत होतं, फोनमधल्या नकाशाला नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघं गेले. पूल पुरात वाहून गेला होता, पडद्यावर तो उभाच होता. या दोन्ही ठिकाणी दोष एकट्या यंत्राचा नाही. रस्ता बंद असेल तर आडवा दगड, पत्रा, लाल कापड, काहीतरी हवं. ते काम फोनचं नाही, माणसांचं आहे.

आपल्या जिल्ह्यातलंच पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामच्या पूर्णेवरल्या जुन्या पुलाला तडा गेला आणि वाहतूक बंद झाली. एका रात्रीत अकोटकरांचा अकोला लांब गेला. नकाशातलं अंतर तेवढंच, पण फेरा मोठा. रस्ता ही कायमची गोष्ट नसते. आज आहे, उद्या नाही.

आता मुद्द्यावर येतो. फोनच्या नकाशात 'टाळा' असा एक कप्पा असतो. तो उघडून पाहा. टोल टाळा, महामार्ग टाळा, आणि तिसरं म्हणजे फेरीबोट टाळा. वऱ्हाडात फेरीबोट टाळायची सोय आहे, पांदण टाळायची नाही! घाट टाळा, रपटा टाळा, रात्री समोरून डोळ्यांवर येणारा प्रकाशझोत टाळा, असं काही तिथं म्हणता येत नाही. जुलै २०२४ मध्ये गुगलनं भारतासाठी जाहीर केलं की चारचाकीला अरुंद रस्ते टाळून वाट दाखवू. उपग्रहाच्या चित्रांवरून आणि रस्त्यांच्या माहितीवरून रुंदीचा अंदाज काढायचा, अशी ती युक्ती. सुरुवात आठ शहरांत झाली. त्यात हैदराबाद होतं, इंदूर, भोपाळ होतं. महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. पातूरचा नंबर लागेपर्यंत आपली रुंदी आपणच मोजायची.

आणि खरं सांगू? 'अवघड रस्ता' असं काही जगात नसतं. अवघड असतो तो त्या वेळी, त्या गाडीत, त्या माणसाला. हा तुमचा घाट घ्या. आता हा राष्ट्रीय महामार्ग १६१, अकोल्यापासून तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जातो. पातूरनंतर मेडशीकडे चढ लागतो. जुन्या लोकांच्या भाषेत इथं पायनघाट संपतो आणि बालाघाट सुरू होतो. पूर्णेचं सपाट काळं मैदान खाली राहतं आणि पठार लागतं. नांदेडकडे रोज जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला ही चढण म्हणजे अंगणातली पायरी. पासष्टीच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, रात्री नऊ वाजता उतरणाऱ्या मास्तराला तीच चढण वेगळी दिसते. उलटही खरं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथं खड्डा नाही, चौक नाही, गुरं नाहीत. पण तासन्‌तास सरळ पाहत बसलं की डोळे जड होतात. मला तो रस्ता घाटापेक्षा अवघड जातो.

मग आपल्याला काय जमत नाही हे ओळखून लांबचा रस्ता धरण्यात कमीपणा कसला? मराठीत किती सुंदर शब्दप्रयोग आहे, वाट वाकडी करणं. 'वाट वाकडी करून आलास' असं म्हणतो तेव्हा आपण त्या माणसाला दोष देत नाही, त्याचं कौतुक करतो.

या वाकड्या वाटेचं शहाणपण इथल्या मातीत जुनं आहे. तुमच्या तालुक्यात बंजारा तांडे आहेत. त्यांचे पूर्वज, लमाण, हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडत. त्यांच्या दोरीवरचा आकडा मिनिटांचा नव्हता. रात्री बैलांना पाणी कुठे, चारा कुठे, त्यावर वाट ठरे. दोन कोस वाढले तरी चालतील, बैल मरता कामा नये.

आणि दरवर्षी तुमच्या दारावरून जाणारी पालखी आठवा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. कोणताही फोन तिला सरळ दक्षिणेला, खामगाव-मेहकरवरून पाठवील. पण ती आधी अकोल्याला येते, मग वाडेगाव, मग पातूर, आणि हा घाट पायी चढून मेडशीला जाते. परतीची वाट वेगळी, मेहकर-खामगाववरून. जाताना एका भागाला दर्शन, येताना दुसऱ्या. कुणाच्या अंगणात मुक्काम होतो, कुठली पंगत वाट पाहते, हाच त्या दोरीवरचा आकडा. यंत्राच्या हिशेबात तो तोटा आहे, आपल्या हिशेबात तीच वारी.

म्हणून फोन फेकून द्या असं मी म्हणणार नाही. मीही वापरतो. फक्त काही सवयी लावून घेतल्यात, त्या सांगतो. निघायच्या आधी घरी बसून पूर्ण वाट बोटानं मोठी करून पाहायची. दोन वाटांत पाच-सात मिनिटांचाच फरक असेल तर मोठ्या रस्त्याची घ्यायची. आपल्याला हवी ती वाट यंत्र देत नसेल तर मधलं गाव थांबा म्हणून टाकायचं. इथून शेगावला जाताना मी वाडेगाव थांबा टाकतो, मग यंत्र मुकाट्यानं तिकडून नेतं. हंगामात लिंबंही घेता येतात. घाटात रेंज जाते म्हणून भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा. आपली जागा सांगणाऱ्या उपग्रहांना रेंज लागत नाही. फोन त्यांच्याशी बोलत नाही, वीस हजार किलोमीटर उंचावरून येणारा त्यांचा आवाज नुसता ऐकतो. किमान चार उपग्रहांचा आवाज आला की आपण कुठे उभे आहोत ते त्याला कळतं. रेंज लागते ती नकाशासाठी.

गावाचं नाव टाकताना तालुका-जिल्हा पाहायचा. आपल्याच जिल्ह्यात पातूर आहे आणि पातूर नंदापूर आहे. घाटावरचं मालेगाव वाशिमचं, आणि नुसतं मालेगाव टाकलं तर यंत्र नाशिककडे नेईल. आणि गाडी चालवताना फोन हातात घ्यायचाच नाही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत वाट शोधण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणजे तो डॅशबोर्डवर, आणि बोट शेजारच्याचं.

शेवटची सवय सगळ्यात जुनी आहे. धुऱ्यावर कोणी दिसलं तर काच खाली करायची. इंजिन बंद करायचं, नाहीतर ऐकू येत नाही, आणि 'हा रस्ता जातो का' असं विचारायचं नाही. असं विचारलं की माणूस भिडेपोटी 'जाते' म्हणतो. विचारायचं, "काल इकून गाडी गेली का?" या प्रश्नाला खोटं उत्तर येत नाही.

तुम्हा लोकांकडे माझी एक मागणी आहे. पावसाळ्याला महिना-दीड महिना उरलाय. तुमच्या गावच्या रपट्यावर खांब रोवून पाण्याची खूण रंगवा. पांदणीच्या तोंडाशी पाटी लावा, 'पावसाळ्यात गाडी जात नाही'. नकाशात रस्ता चुकीचा दाखवला असेल तर त्यातच तक्रार नोंदवायची सोय आहे. गावातल्या कुठल्याही पोराला सांगा, पाच मिनिटांत करील. बाहेरून येणाऱ्या परक्या माणसाला तुमची माती माहीत नाही. ती त्याला सांगणं तुमचंच काम आहे.

आजोबा समोरच बसलेत, म्हणून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. आजोबा, मी अकोल्याहून बाळापूर-वाडेगाववरून आलो. सरळ आलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण वाडेगावात एका जुन्या विद्यार्थ्याकडे चहा राहिला होता.