शाळेचा पैसा आणि लोकांचा पहारा

अंदाजपत्रकांत शिक्षणासाठीं रक्कम मंजूर झाली कीं ती शाळेंत पोंचलीच, अशी सामान्य माणसाची समजूत असते. खजिना आणि फळा यांच्यामधल्या लांबलचक वाटेवर त्या पैशाचें काय होतें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आफ्रिकेंतील कांहीं देशांत मात्र ती झाली. ती कोणीं केली आणि करणारांस काय सोसावें लागलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

युगांडाचें उदाहरण सर्वांत बोलकें. तेथील सरकार प्राथमिक शाळांना विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणें अनुदान देत असे. शिक्षकांचे पगार यांत धरलेले नसत. पुस्तकें, खडू व असाच किरकोळ परंतु नित्याचा खर्च त्यांतून भागावा अशी योजना होती. रक्कम राजधानींतून जिल्ह्याच्या कचेरींत जाई आणि तेथून तिनें शाळेकडे जावें, एवढीच अपेक्षा. १९९६ सालीं २५० शाळांची पाहणी झाली, आणि १९९१ ते १९९५ या वर्षांतील शाळांच्या कीर्दी सरकारी दप्तराशीं ताडून पाहण्यांत आल्या. जें निष्पन्न झालें तें पाहून पाहणी करणारेहि चकित झाले असतील. सरकारनें १०० शिलिंग धाडले तर शाळेच्या हातीं सरासरीनें १३ च पडत. बहुसंख्य शाळांना तर कपर्दिकहि मिळत नव्हती! बाकीचा पैसा जिल्ह्याच्या पातळीवरच इतर कामांकडे वळे किंवा नाहींसा होई. आणि गरीब वस्तींतील शाळांच्या वांट्यास सर्वांत कमी येई.

इकडे शाळा चालत त्या मुख्यतः आईबापांच्या वर्गण्यांवर. कोंबडी विकून, मका विकून वर्गणी भरणाऱ्या बापाला आपल्या मुलाच्या नांवानें सरकारी खजिन्यांतूनहि कांहीं रक्कम निघते, याची गंधवार्ताहि नसे. जें येणें आहे हेंच ठाऊक नाहीं, तें मागावयाचें कसें आणि कोणाकडे?

उपाय अगदीं साधा निघाला. प्रत्येक महिन्यास कोणत्या जिल्ह्याकडे किती रक्कम धाडली, हें सरकार ‘न्यू व्हिजन’, ‘मॉनिटर’ इत्यादि वृत्तपत्रांतून छापूं लागलें. जिल्ह्याच्या कचेरीवर आणि खुद्द शाळेच्या भिंतीवरहि तोच आंकडा लागूं लागला. २००१ सालीं पुन्हा हिशेब पाहिला, तेव्हां शाळांपर्यंत शेंकडा ८० हून अधिक रक्कम पोंचत असल्याचें दिसून आलें, आणि वृत्तपत्र ज्यांना जवळ मिळे त्या शाळांची प्राप्ति अधिक सुधारली होती. याचें सारें श्रेय एकट्या छापील आंकड्यांना देणें अतिशयोक्तीचें होईल. १९९७ सालीं तेथें प्राथमिक शिक्षण मोफत झालें आणि अनुदान वाटण्याच्या पद्धतींतहि बदल झाले. अर्थशास्त्रज्ञांनीं या गोष्टींकडे लक्ष वेधलें आहे. तरीहि भिंतीवरचा आंकडा वाचून मुख्याध्यापकाला जाब विचारणारा पालक ही नवी गोष्ट होती. कर्जमाफीमुळें वांचलेला पैसा सरकारनें १९९८ पासून गरिबीनिवारणाच्या निधींत वळविला. त्यावर नजर ठेवण्याचें काम ‘युगांडा डेट नेटवर्क’ या लोकसंस्थेनें अंगावर घेतलें आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून सामान्य नागरिकांच्या समित्या उभ्या केल्या.

युगांडांत सरकारनें हा पहारा मानून घेतला. शेजारच्या टांझानियांत मात्र निराळाच प्रकार घडला. तेथें ‘हकिएलिमु’ ही संस्था २००१ सालीं निघाली. नांव स्वाहिली, पण त्याचे दोन्ही अवयव मूळचे अरबी. आपल्या भाषेंतील ‘हक्क’ आणि ‘इलम’ हे त्यांचेच सगे. राकेश रजनी हे भारतीय वंशाचे टांझानियन गृहस्थ तिचे पहिले संचालक. प्राथमिक शाळांची फी नुकतीच रद्द झाली होती, वर्गांत मुलांची रीघ लागली होती, आणि फीच्या बदल्यांत प्रत्येक मुलामागें दहा डॉलरच्या बेताचें अनुदान शाळेला मिळेल असें वचन होतें. तें पुरतें मिळत नाहीं, हें संस्थेनें लोकांपुढें मांडलें. त्यासाठीं तिनें आकाशवाणीवरून आणि दूरचित्रवाणीवरून छोट्या छोट्या जाहिराती दिल्या. त्या लोकांना आवडल्या, अधिकाऱ्यांना बोचल्या.

२००५ सालीं संस्थेनें एक अहवाल काढला. गंमत अशी, कीं त्यांतील माहिती सरकारच्याच तपासणी-अहवालांतून घेतलेली होती. तरीहि शाळांविषयीं संशोधन करण्यास व तें प्रसिद्ध करण्यास संस्थेला मनाई झाली. अशा संस्था परदेशी देणग्यांवर चालतात, असा आक्षेप त्यांच्यावर नेहमीं घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाहीं. परंतु देणगी परदेशी म्हणून आंकडा खोटा ठरत नाहीं, आणि येथें तर आंकडा खुद्द सरकारचाच होता. २००७ सालीं समेट होऊन संस्थेचें काम पुन्हा सुरळीत झालें.

दक्षिण आफ्रिकेंत ही मागणी खुद्द विद्यार्थ्यांनींच केली. केपटाउनजवळ खायेलित्शा नांवाची मोठी कृष्णवर्णीय वसाहत आहे. तेथें २००८ सालीं ‘ईक्वल एज्युकेशन’ ही संघटना निघाली. एका शाळेच्या पांचशें खिडक्यांच्या कांचा फुटलेल्या होत्या. मुलांनीं सह्या गोळा केल्या, मोर्चा नेला, आणि दुरुस्तीसाठीं पैसा मिळविला. पुढें मागणी वाढली: शाळेंत निदान काय असलेंच पाहिजे, याचा कायदेशीर नियम करा. नोव्हेंबर २०१३ मध्यें तो झाला. ज्या शाळांना पाणी, वीज, संडास नाहींत, किंवा ज्या माती, लांकूड, पत्रा यांच्या आहेत, त्यांची व्यवस्था तीन वर्षांत लावावयाची होती. मात्र इतर खात्यांनीं साह्य केलें व पैसा मिळाला तर, अशी पळवाटहि त्यांत होती. २०१८ सालीं भिशो येथील उच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली.

२०२० सालीं साथीच्या रोगामुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां शाळेंतील जेवणहि बंद पडलें. त्या जेवणावर अवलंबून असलेलीं मुलें नव्वद लाखांवर होतीं. संघटना पुन्हा न्यायालयांत गेली आणि जेवण चालू करण्याचा हुकूम घेऊन परतली.

शाळागृहांचें काम मात्र रखडतच राहिलें. ठरलेल्या मुदती टळत गेल्या. आणि २०२४ च्या जून महिन्यांत सरकारनें नियमांत दुरुस्ती करून त्या मुदतीच काढून टाकल्या. ज्या शाळांचें काम तोंवर झालें नव्हतें, तेथील मुलांना बोट ठेवून दाखविण्यास नियमांत तारीख उरली नाहीं.