वस्तादाचा तक्ता



आमच्या कासारवाडीतून रोज भोसरी-चाकणला कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा. मशीनशेजारी एक तक्ता टांगलेला असतो. पार्ट कसा धरायचा, क्लॅम्प कधी आवळायचा, हात कुठं घालायचा नाही, सगळं फोटोसकट. नवा पोरगा त्यावर बघून शिकतो.

असाच तक्ता 1607 मध्ये हॉलंडच्या हेग शहरात शिपायांसाठी निघाला. याकोब द गेन या चित्रकाराचं ते पुस्तक. चित्रं 117. त्यांतली 42 हलक्या बंदुकीची, 43 जड मस्केटची, 32 लांब भाल्याची. एका चित्रात एकच हालचाल, आणि प्रत्येक हालचालीचा वेगळा हुकूम.

मस्केट म्हणजे तोड्याची बंदूक. पेटता तोडा, म्हणजे जळती वात, डाव्या हाताच्या बोटांत, तोही दोन्ही टोकांना जळता, आणि त्याच शिपायाच्या अंगावर दारूच्या डब्या लटकलेल्या! बंदुकीचा काना रंजकेनं, म्हणजे पेट घेणाऱ्या बारीक दारूनं, भरायचा, झाकायचा, मग वर सांडलेली रंजक फुंकून टाकायची. एवढ्याशा फुंकरीलाही स्वतंत्र चित्र आहे. ती फुंकर राहिली, की एका ठिणगीत हात भाजला म्हणून समजा, आणि दाटीत उभा शेजारीही त्यात सापडला. म्हणून मला ते चित्र सगळ्यांत मोलाचं वाटतं.

अशा हुकमी हालचालींना आपण 'कवाइत' म्हणतो. हा शब्द अरबीतून आलेला, मूळ अर्थ 'नियम'. मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याची कवाइती पलटण पानिपतावर लढली. पुढं महादजी शिंद्यांसाठी द ब्वान्य या युरोपीय सेनानीनं कवाइती कंपू उभे केले. पट्टा, फरीगदका, बोथाटी ही आपली जुनी शस्त्रविद्या मात्र तालमीतच राहिली. वस्तादानं पठ्ठ्याचा पाय स्वतःच्या पायानं सरकवायचा, हीच शिकवणी. वस्ताद गेला की त्याचे काही पवित्रेही गेले.

बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ही विद्या कागदावर आणली. त्यांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड 1936 ते 1949 या काळात निघाले. मराठीत याच्या तोडीची कामं फार थोडी झाली.

तुमच्या गावच्या जुन्या वाचनालयात हे खंड असतील तर काढून बघा. आणि तालमीत कुणी म्हातारे वस्ताद अजून पट्टा फिरवत असतील, तर नुसता व्हिडिओ करून थांबू नका. त्यात हात दिसतो, पाय निसटतो. त्यांना प्रत्येक पवित्र्यावर थांबायला सांगा, पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्या, आणि खाली त्या पवित्र्याचं नाव त्यांनाच विचारून लिहा.